आज्ञा आणि यति

देहांतील ग्रंथींना आज्ञा कोण देतो, असें विचारल्यास ‘मेंदू’ एवढेंच उत्तर आमच्या पिढीस पाठ होतें. ती आज्ञा जाते कशी, हें पाहूं लागल्यावर खरी मौज कळते. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे व त्याखालीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि आहे. दोहोंमध्यें अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या आहेत. वरील मज्जापेशी त्यांत न्यूरोपेप्टाइड नामक द्रव्यें सोडतात व तीं खालीं पोंचतांच पिट्यूटरी आपलीं संप्रेरकें रक्तांत सोडते. इंग्लंडांतील जेफ्री हॅरिस यांनीं हें मांडिलें, तेव्हां पुष्कळांस पटलें नाहीं. पुढें अमेरिकेंत गिलमँ व शॅली या प्रतिस्पर्ध्यांनीं मेंढ्यांच्या व डुकरांच्या लाखों मेंदूंतून तीं द्रव्यें वेगळीं काढिलीं आणि १९७७ सालीं दोघेहि नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

त्यांपैकीं एक द्रव्य दहा अमिनो आम्लांची माळ होय. त्याची रचना १९७१ सालीं कळली. त्याच्या आज्ञेनें अखेर पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उत्पन्न होतें. आमच्या वडील बंधूंस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला, तेव्हां डॉक्टरांनीं याच द्रव्यासारखें औषध टोंचावयाचें ठरविलें. टेस्टोस्टेरॉननें हा रोग बळावतो, हें चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालींच दाखविलें होतें, आणि तें अण्णांच्या वाचनांत आलेलें! “आगींत तेल ओतून आग विझते काय?” असें म्हणून त्यांनीं इंजेक्शन साफ नाकारलें. घरांत पंधरा दिवस कोणास अन्न गोड लागलें नाहीं.

त्यांची शंका रास्त होती. तिचें उत्तर नोबिल यांच्या १९७८ सालच्या प्रयोगांत सांपडतें. माकडिणींच्या मेंदूंतील हें द्रव्य बंद पाडून तें बाहेरून दिलें. दर तासास सहा मिनिटें दिलें असतां पिट्यूटरी नीट चाले. अखंड धार लावतांच ती मंदावे. आज्ञेइतकीच मधली विश्रांतीहि आवश्यक! मंदाक्रांतेंत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यति न पाळल्यास सतराहि अक्षरें शुद्ध असून वृत्त बिघडतें, तसेंच हें. (मुलांस अष्टौप्रहर उपदेश करणाऱ्या पालकांस हा प्रयोग अवश्य सांगावा.)

इंजेक्शनमधील औषध महिनोन्महिने अखंड झिरपत राहतें. पहिले कांहीं दिवस टेस्टोस्टेरॉन वाढतेंच. म्हणून आधीं दुसऱ्या गोळ्या देतात. मग पिट्यूटरी बधिर होते व दोन-चार आठवड्यांत तें अगदीं खालीं येतें. हें सर्व आम्हीं कागदावर आकृति काढून समजाविलें. अण्णांनीं तो कागद दोन दिवस उशाशीं ठेविला आणि तिसऱ्या दिवशीं स्वतःच धोतर सांवरून दवाखान्यांत निघाले.

रोग समूळ जाईल, असें डॉक्टर म्हणत नाहींत. आवरला आहे, इतकेंच म्हणतात. अधूनमधून अण्णांचें अंग एकाएकीं तापून घाम सुटतो, तेव्हां सूनबाई पंखा लावून देतात. पुढील इंजेक्शनची तारीख त्यांनीं पंचांगांत स्वहस्तें मांडून ठेविली आहे.