किलोला साठ ग्रॅम कमी

मुलांनो, तुमच्या बाईंच्या पिशवीत काय काय असतं, हे कधी पाहिलंय का?

माझ्या पिशवीत डबा असतो, पाण्याची बाटली असते, छत्री असते आणि तपासायला नेलेल्या वह्या असतात. ही पिशवी खांद्याला लावून मी रोज सकाळी पिंपरीतल्या आमच्या गल्लीतून निघते, रेल्वेवरचा पूल ओलांडते आणि शाळेत पोचते. वीस-पंचवीस मिनिटांची चाल. पिशवीचं वजन किती, असा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. तो पडला एका कॅमेऱ्यामुळे.

माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला वापरायला दिला. कॅननचा ‘फाइव्ह डी मार्क टू’. 2008 साली आलेला, चांगला दणकट गडी. फोटो असे काढायचा की पापण्यांचे केस मोजून घ्यावेत! मी ठरवलं, आता वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक तरी छान फोटो काढायचा. कागदावर छापून हातात द्यायचा. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील भोसरीच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर कामाला असतात. कुणी लातूरकडचे, कुणी नांदेडकडचे, कुणी पार बिहारमधले. काही महिने झाले की कंपनी ‘ब्रेक’ देते. मग काही जण खोली सोडून गावी जातात आणि त्यांचं मूलही वर्गातून जातं. हजेरीपटावर नाव उरतं. फोटो असला तर चेहराही उरेल, असं मला वाटलं.

ठरवणं सोपं होतं. पहिला आठवडा मी तो कॅमेरा इमानाने नेला. दुसऱ्या आठवड्यात खांदा बोलायला लागला. तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा कपाटात गेला. ‘शनिवारी नेऊ’, ‘पाऊस थांबला की नेऊ’, असं चाललं होतं.

2023 च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. गणितात जेमतेम, पण हातांवर चालायचा! मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय वर आणि डोकं खाली. एकदा मला म्हणाला, “बाई, माझा असाच फोटो काढा ना.” मी मोबाईल काढला. बाहेर आभाळ भरलेलं, व्हरांड्यात अंधूक उजेड. फोटो आला तो असा, की हात कुठला आणि पाय कुठला, कळायला मार्ग नाही. त्याने पाहिला आणि म्हणाला, “मोठ्या कॅमेऱ्याने काढा.”

“उद्या आणते,” मी म्हणाले.

उद्या वह्या होत्या. परवा पाऊस होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चक्क विसरले. पुढच्या सोमवारी त्याची आई शाळेत आली ती दाखला न्यायला. वडिलांना ब्रेक मिळाला होता, सामान टेम्पोत भरून झालं होतं. तो स्वतः आला नव्हता.

त्या संध्याकाळी मी कपाटातून कॅमेरा काढला आणि आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. म्हटलं, “जरा काट्यावर ठेवू का?” दुकानदाराने पोत्यावरून हात झटकत विचारलं, “बाई, काय भाव लावू किलोला?” पट्टा काढून ठेवला, तर आकडा आला 1560 ग्रॅम! नुसता कॅमेरा बॅटरीसकट 890 आणि त्यावरची लेन्स 670. दीड किलो साखर खांद्याला टांगून मी रोज शाळेत जाणार होते!

दुसऱ्या दिवशी हाच आकडा मी चौथीच्या फळ्यावर लिहिला. वजनाचा धडा चालूच होता. मुलांनी माझी सगळी पिशवी मोजली. डबा 750 ग्रॅम, भरलेली बाटली 1050, छत्री 350, वीस वह्या 2400. बेरीज करा बघू. 4550 आली ना? त्यात मोठा कॅमेरा घातला की 6110. वर्गातला एक पठ्ठ्या म्हणाला, “बाई, आमच्या दप्तरापेक्षा जास्त!” त्याचं म्हणणं खरं होतं की नाही, ते तुमचे आई-वडील जाणोत.

मग आम्ही हलक्या कॅमेऱ्यांची बेरीज मांडली. पण त्याआधी मुलांना सांगावं लागलं, की डीएसएलआर हे काय प्रकरण आहे. ऐका हं. या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा तिरका, 45 अंशांत बसवलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर आपटून वर जातो आणि डोळा लावायच्या खिडकीत येतो. म्हणजे लेन्स जे पाहते तेच आपण पाहतो, पडद्यावरचं चित्र नव्हे, खरं दृश्य. बटण दाबलं की आरसा टाककन वर उचलला जातो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. तो ‘खट्याक’ आवाज त्याचाच. चांगल्या महाग कॅमेऱ्यात या खिडकीसाठी भरीव काचेचा लोलक असतो. हलक्या कॅमेऱ्यात त्याच्याऐवजी छोटे आरसे जोडलेली पोकळ पेटी बसवतात. वजन वाचतं, पण खिडकीतलं चित्र थोडं लहान आणि मंद दिसतं, आणि कडेचा थोडासा भाग दिसतच नाही. हलकेपणा फुकट मिळत नाही, बरं का!

हलक्या कॅमेऱ्याचा ध्यास काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचे एक तंत्रज्ञ होते. त्यांना दमा होता आणि फोटोचा नाद होता. काचेच्या पट्ट्यांचा जाडजूड कॅमेरा घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा हातात मावणारा कॅमेरा बनवला. 1925 मध्ये तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. आणि अमेरिकेत 1975 मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो होता साडेतीन किलोच्या वर! एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागायचे. तेवढ्यात आमचा तो मुलगा व्हरांड्याच्या चार फेऱ्या हातांवर मारून आला असता.

आता फळ्यावरचे आकडे. हे सगळे बॅटरी आणि कार्डासकट आहेत. कॅननचा ‘शंभर डी’, 2013 चा, 407 ग्रॅम. निकॉनचा ‘डी पस्तीसशे’, 2018 चा, 415 ग्रॅम. कॅननचा ‘दोनशे डी मार्क टू’, 2019 चा, 449 ग्रॅम. मुलं लगेच ओरडली, “शंभर डी! शंभर डी घ्या!” मी म्हटलं, थांबा, लेन्स कुठे मोजलीत? लेन्सशिवायचा कॅमेरा म्हणजे डोळ्यांशिवायचं डोकं. माझ्या मावसभावाचाही तोच घोळ झाला. तो म्हणाला, “कॅननच घे, माझ्याच लेन्स वापर.” पण त्याची 670 ग्रॅमची लेन्स 407 ग्रॅमच्या कॅमेऱ्याला लावायची म्हणजे शेळीला म्हशीची शिंगं! सगळा भार पुढे झुकतो आणि मनगट दुखतं. दुकानात लोक कॅमेऱ्याचं वजन विचारतात, पण खरं ओझं पुष्कळदा लेन्समध्ये असतं.

म्हणून बेरीज अशी: डी पस्तीसशे आणि त्याची 18-55 ची छोटी लेन्स, 415 अधिक 205, झाले 620. दोनशे डी मार्क टू आणि त्याची तशीच लेन्स, 449 अधिक 215, झाले 664. शंभर डीला 24 मिलिमीटरची चपटी लेन्स लावली, ती अवघी 125 ग्रॅमची, तर 532. मुलांचाच कॅमेरा जिंकला! तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मोबाईल 190 ग्रॅमचा असतो.”

खरंच होतं ते. उन्हात, मैदानावर, सहलीत मोबाईल झकास काम करतो आणि तुमच्या घरी असेल तर वेगळा कॅमेरा घ्या म्हणून हट्ट करू नका. पण मला हवे होते वर्गातले फोटो. तिथे ट्यूबलाइटचा उजेड आणि एक क्षण स्थिर न बसणारी चाळीस मुलं! मोबाईलचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. डी पस्तीसशेचा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा रुंद. पावसात भांडं ठेवलं तर वाटीत जास्त पाणी साठेल की परातीत? उजेडाचंही तसंच. उजेड जास्त मिळाला की बटणाचा वेग वाढवता येतो आणि हलणारं मूल न पुसटता उमटतं.

आरसा नसलेले नवे मिररलेस कॅमेरेही हलके असतात. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचं सगळं लक्ष आता तिकडेच आहे. पण माझं बजेट होतं तीस हजार, दिवाळीपर्यंत साठवलेले. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्याची खिडकी वीज खात नाही. डी पस्तीसशे एका चार्जिंगमध्ये सुमारे 1550 फोटो काढतो, असं कंपनी सांगते. रोज चार्जर शोधण्यातून सुटका. अर्थात हा कॅमेरा बनवणंही निकॉनने 2022 पर्यंत थांबवलं, तेव्हा जुना घेणं आलंच.

जुना कॅमेरा घेणं म्हणजे वांगी निवडण्यासारखं आहे. वरून तकतकीत, आत कीड! पहिला कॅमेरा पाहिला तो असाच. लेन्समधून मोबाईलची बॅटरी मारून पाहिली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवला की असं होतं. विकणारा म्हणाला, “फोटोत दिसत नाही हो.” मी नमस्कार करून परतले. दुसरा होता तो शंभर डी, मुलांचा लाडका. तो हातात घेतला आणि कळलं की पकडायला जागाच कमी. तीन बोटं बसतात आणि करंगळी हवेत! दहा वर्षांचा जुना, रबर सैल झालेलं. वजन कमी असून भागत नाही, हातात बसायलाही हवं. दोनशे डीचा मागचा पडदा फिरतो. जमिनीजवळ धरून मुलांच्या उंचीचे फोटो काढता येतात. त्यासाठी मी दोन रात्री तळमळले. पण तो माझ्या तीस हजारांत बसेना.

शेवटी चिंचवडच्या एका कॉलेजातल्या मुलीकडे डी पस्तीसशे मिळाला. तिने फक्त सहलींना वापरलेला. निकॉनच्या फोटोच्या आतल्या माहितीत, आजवर बटण किती वेळा दाबलं, तो आकडा लपलेला असतो. आम्ही एक ताजा फोटो काढला आणि तिच्याच संगणकावर पाहिलं, चार हजारांच्या आत. म्हणजे कॅमेरा अजून बालवाडीत होता! पकड खोल, माझ्या हाताला नीट बसणारी. 2024 च्या उन्हाळी सुट्टीत मी त्याला 35 मिलिमीटरची छोटी लेन्स घेतली. तीही 200 ग्रॅमचीच, पण 18-55 पेक्षा जवळजवळ चौपट उजेड आत घेते. मात्र घेणाऱ्याने एक बघावं. या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. जुनी स्वस्त लेन्स घेतलीत तर हाताने फोकस करत बसाल.

तक्रारी आहेतच. सेन्सरवरची धूळ आपोआप झटकायची सोय यात नाही, आणि आमच्या भागात धुळीला काय तोटा! म्हणून मी बाहेर लेन्स काढत नाही. वाय-फाय नाही, पडदा फिरत नाही. मुलांच्या उंचीचा फोटो हवा असेल तर गुडघ्यावर बसते. साडीची इस्त्री जाते. मुलांना मात्र ते फार आवडतं.

पालकसभेत सगळ्यांना विचारून घेतलं, फोटो काढू का, आणि ते कुठेही टाकणार नाही, छापून फक्त तुमच्या हातात देईन, असं सांगितलं. दोघांनी नको म्हटलं, त्यांचे काढत नाही. बाकीच्यांचे काढते. पेन्सिलीचं टोक करताना बाहेर आलेली जीभ. डब्यातली चटणी वाटणारे हात. शाळेत येताना पवनेच्या पुलावरही थांबते कधीकधी. कंपनीची बस रात्रपाळीच्या माणसांना सोडते, ती पेंगुळलेली माणसं आणि त्यांच्या हाताला धरून शाळेत निघालेली पोरं. त्यांनाही आधी विचारते. कॅमेरा रुमालात गुंडाळून डब्याच्या शेजारी बसतो. वर्गाने पुन्हा हिशोब करून दिला: आता पिशवी 5170 ग्रॅम, आधीपेक्षा 940 ने हलकी. “किलोला फक्त साठ ग्रॅम कमी, बाई!”

2023 च्या डिसेंबरात त्या मुलाच्या आईचा फोन आला. गावच्या शाळेत नाव घातलं होतं, कसलासा कागद हवा होता. बोलता बोलता म्हणाली, “बाई, त्याचा एखादा फोटो असला तर धाडा ना. तो म्हणतो बाईंकडे आहे.” माझ्याकडे तोच एक होता, मोबाईलवरचा पुसट. लाजत लाजत तोच पाठवला.

थोड्या वेळाने तिच्या मोबाईलवरून त्याचा आवाज आला, “बाई, तो उजवा पाय माझाच आहे. ओळखला मी!”

वडिलांना पुन्हा चाकणला काम लागलं की येणार, असं आई म्हणाली होती. अजून आलेले नाहीत. कॅमेरा पिशवीत आहे.