तहान विझते की भागते?

'क्वेंच' हे इंग्रजीत मूळचं आगीचं क्रियापद. जुन्या इंग्रजीत क्वेंच म्हणजे विझवणं. तहान त्यात नंतर आली. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवतात, तेही क्वेंचच. आपल्याकडे लोहार त्याला 'पाणी पाजणं' म्हणतो. म्हणजे इंग्रजांनी तहानेला आग मानलं आणि आपण लोखंडालाही तहान लावली! असो.

डिक्शनरीत क्वेंचचा अर्थ सापडतो 'तहान भागवणे'. बरोबरच आहे. पण आग विझली की विषय संपतो, भागण्याचं तसं नाही. खर्च भागतो, काम भागतं, "एवढ्या पगारात भागतं का रे?" असं आत्या विचारते. भागणं म्हणजे आहे त्यात निभावणं. शिवाय भागाकारातही भागणंच. मुळं वेगळी असतील-नसतील, सोलापूरकराच्या कानाला शब्द एकच.

कारण आमच्याकडे पाण्याचा हिशोबच भागाकाराचा. वर्षानुवर्षं नळाला पाणी तीन-चार दिवसांआड. पाणी आलं की पिंप, बादल्या, कळशा, झालंच तर पातेलीसुद्धा भरायची आणि साठ्याला दिवसांनी भागायचं. मध्येच पाहुणे आले तर गणित नव्याने.

शहराचा मोठा आधार म्हणजे भीमेवरचं, १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण. तिथून शंभरावर किलोमीटर पाइपलाइन. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. वरचं पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. धरण उणे आणि आम्ही भागवतोय!

यात कौतुक वाटण्यासारखं आहेच. "आमची सून दोन घागरीत दिवस काढते" हे आमच्याकडे सर्टिफिकेट असतं. पण त्या कौतुकात एक प्रश्न कायमचा राहून जातो: दोनच घागरी का? अर्ध्या विझलेल्या आगीला कोणी विझली म्हणत नाही. अर्ध्या भागलेल्या तहानेला मात्र आपण भागली म्हणतो.

पुण्यात फ्लॅट बघताना आपण पहिल्याच भेटीत बिल्डरला विचारतो, "पाणी चोवीस तास ना?" घरी फोन केला की विचारतो, "पाण्याचं भागतंय ना?"

तिकडून उत्तर येतं, "भागतंय की." आणि आपण विषय बदलतो.