फ्रेमच्या मापाची सायकल

जुन्या, सुट्या फ्रेमवर घरच्या घरी सायकल उभी करणे हे वरवर पाहता भाग जोडण्याचे काम वाटत असले, तरी त्यात जोडणे थोडे आणि मोजणे फार असते. कारण फ्रेम, म्हणजे चाके, पुढचे चाक धरणारा चिमटा, हँडल, सीट आणि पायडल काढून घेतल्यावर उरणारा नळ्यांचा सांगाडा, तयार झाली त्याच दिवशी तिच्या प्रत्येक भोकाचे आणि प्रत्येक आट्याचे माप कायमचे ठरलेले असते, आणि पुढे तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येक भागाला ते पाळावे लागते. नवी सायकल विकत घेणाऱ्याची या मापांशी गाठ कधीच पडत नाही, कारण कारखान्याने ती त्याच्या वतीने आधीच जुळवलेली असतात. सुटी फ्रेम घरी आणणाऱ्याला मात्र ती एकेक करून स्वतः शोधावी लागतात, आणि या कामाची खरी गोडी व खरा मनस्तापही तेथेच आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 1885 साली आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीपासून जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक ही रचना रूढ झाली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवल्यासारखी दिसणारी आजची चौकट स्थिरावली. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत फिरणाऱ्या सायकली मुख्यतः इंग्रजी बनावटीच्या असत. वरळीतील हिंद सायकल्स हा देशातील आरंभीच्या सायकल-कारखान्यांपैकी एक होता, आणि पुढे मद्रासमध्ये टीआय सायकल्स (1949), सोनिपत येथे ॲटलस (1951) व लुधियान्यात हीरो (1956) असे कारखाने उभे राहिले. या सर्वांनी इंग्रजी भारी सायकलीचा साचा, म्हणजे लांब दांडी, मागे झुकलेली सीटची नळी, 28 इंची चाके आणि सळईचे ब्रेक, फारसा न बदलता उचलला. हिंद सायकल्सचे 1980 च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले आणि कालांतराने तो कारखाना बंद पडला. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, थांबला. पण या कंपन्यांनी वापरलेली मापे त्यांच्याबरोबर गेली नाहीत, आणि उपनगरातल्या हौशी कारागिराच्या दृष्टीने ही गोष्ट कोणत्याही कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे.

याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीत पहाटे बाहेर पडले की पाववाला, दूधवाला, सायकलवर किटली बांधून फिरणारा चहावाला आणि थोड्या वेळाने घरोघरचे डबे गोळा करून स्टेशन गाठणारा डबेवाला, हे सगळे त्याच भारी सायकलीवर दिसतात. आणि ही माणसे रोज ओझे वाहतात म्हणून त्यांच्या सायकलींचे कप, कोन, छर्रे आणि कॉटर पिना गल्लीबोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे आजही डब्यांत भरून ठेवलेल्या मिळतात. उलट, दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली आणि आता सोसायटीच्या पार्किंगखाली धूळ खात पडलेली गिअरची ॲल्युमिनियमची सायकल कितीही देखणी असली, तरी तिच्या मागच्या गिअरचा लोंबता हूक तुटला तर तोच आकार पुन्हा मिळवणे जिकिरीचे होते. एखाद्या वस्तूचे आयुष्य तिच्या धातूपेक्षा तिचे सुटे भाग वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते, हे फ्रेम निवडताना ध्यानात ठेवलेले बरे.

फ्रेम मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कुर्ल्याचा भंगार बाजार, साकीनाक्याच्या आसपासची भंगाराची दुकाने, दक्षिणेकडचा चोर बाजार, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे आपल्याच इमारतीचा जिना. भंगारवाल्याकडून घेताना फ्रेमवर ठोकलेला क्रमांक उतरवून घेऊन त्याच्यासह साधी का होईना, पण लेखी पावती मागावी. मुंबईत सायकली चोरीला जातात, आणि दुसऱ्याच्या गेलेल्या सायकलीवर आपली हौस उभी राहू नये, एवढी काळजी घेणे हा या छंदाचा भागच मानला पाहिजे. फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे: मागचे चाक ज्या दोन खाचांत बसते त्यांपैकी एकीला दोरा बांधून तो पुढच्या उभ्या नळीला, म्हणजे ज्या नळीतून चिमट्याचा दांडा जातो तिला, वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे; फरक दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला तर फ्रेम वाकलेली समजावी. पुढच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या बाजूला रंगाला सुरकुती पडलेली दिसली, तर ती फ्रेम कधीतरी समोरून आदळलेली आहे, आणि अशी फ्रेम फुकट मिळाली तरी नाकारावी.

यानंतरची परीक्षा गंजाची. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस सीटच्या नळीतून आत उतरतो आणि सर्वांत खाली, पायडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो तेथे साचतो. या नळकांड्याला दुकानात ‘बी.बी.’ म्हणतात. बाहेरून चकचकीत दिसणारी फ्रेम येथे आतून पोखरलेली असू शकते, म्हणून बी.बी.त बोट घालून आटे चाचपावेत आणि नळकांडे बाहेरून पान्याने हलकेच ठोकून आवाज ऐकावा. सीटचा दांडा आत अडकून बसला असेल तर त्यावर तेल सोडून काही दिवस थांबणे, फ्रेमच्या तोंडाशी उष्णता देणे, दांड्याला पाइपपाना लावून पिळणे, असे उपाय असले, तरी खऱ्या गंजलेल्या दांड्यापुढे हे सारे थिटे पडतात.

बी.बी.च्या आट्यांबाबत एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. इंग्रजी प्रमाणाप्रमाणे या नळकांड्याची रुंदी 68 मिलिमीटर, आट्यांचा व्यास 1.37 इंच आणि इंचाला 24 आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने मात्र आपल्या पुष्कळ सायकलींना स्वतःचे 26 आट्यांचे माप ठेवले होते, त्यामुळे जुनी विलायती फ्रेम हाती लागली तर नेहमीचा कप, म्हणजे आसाचे छर्रे धरणारी आटेदार वाटी, दोन वळसे जाऊन जाम होतो आणि तेथे जोर लावणारा माणूस फ्रेमचे आटे कायमचे मारतो. शिवाय उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो डावीकडे फिरवल्याने आवळला जातो. यात कारखान्याचा लहरीपणा नाही: आसाचा भार कपाच्या आत गोल फिरत राहतो आणि त्या फिरत्या दाबाने कप आसाच्या उलट दिशेला कणाकणाने सरकतो, त्यामुळे सरळ आट्यांचा उजवा कप चालवता चालवता आपोआप सुटला असता. डाव्या पायडलचे आटेही याच तत्त्वाने उलटे ठेवलेले असतात. हे समजेपर्यंत किती क्रँक, म्हणजे पायडल धरणारे दांडे, खराब झाले असतील याची गणतीच नको.

रंगाचे काम घरी करू नये, असे स्पष्ट मत नोंदवणे योग्य ठरेल. गॅलरीत फवारलेला रंग शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो आणि पहिल्या पावसाळ्यात सुटतोही. त्यापेक्षा अंधेरी पूर्वेच्या साकीनाका-मरोळ पट्ट्यातील गाळ्यांत पावडर कोटिंग करून घ्यावे, ज्यात कोरडी रंगभुकटी विद्युतभाराने धातूला चिकटवून भट्टीत सुमारे 200 अंश सेल्सिअसला वितळवतात. पितळेने झाळलेल्या सांध्यांना या उष्णतेने काही होत नाही, कारण ते झाळकाम त्याच्या कितीतरी पट तापमानाला झालेले असते. मात्र भट्टीत जाण्यापूर्वी बी.बी.चे आटे आणि उभ्या नळीची दोन्ही तोंडे झाकली आहेत की नाही, हे स्वतः उभे राहून पाहावे. आट्यांत भाजून बसलेली पावडर काढणे हे गंज काढण्यापेक्षा चिवट काम आहे.

छर्रे बसवताना लागणारा संयम सर्वस्वी वेगळा. फिरणाऱ्या प्रत्येक सांध्यात कप आणि कोन यांच्या मध्ये पोलादी छर्रे असतात, बी.बी.त ते पाव इंची आणि प्रत्येक बाजूस साधारण 11, पुढच्या चाकाच्या हबमध्ये 3/16 इंची आणि प्रत्येक बाजूस 10. जुने छर्रे कितीही गुळगुळीत दिसले तरी परत वापरू नयेत, कारण झिजलेल्या आणि नव्या छऱ्र्यांच्या मिश्रणात सगळा भार मोठ्या छऱ्र्यांवर येतो. कपात ग्रीस भरून छर्रे त्यात रोवले, की कोन इतका आवळावा की आस बोटाने सहज फिरावा, पण आडवा हलवला तर खेळ जाणवू नये. आणि गंमत अशी की हे साधल्यावर वरचे लॉकनट आवळताच कोन पुन्हा थोडा दाबला जातो, म्हणून किंचित सैल ठेवून आवळणे हे हाताच्या सवयीनेच येते. कॉटर पिनचेही तसेच. ही पाचरीच्या आकाराची खीळ क्रँकला आसाशी जखडते. तिची तिरपी बाजू कानशीने घासून बसवावी लागते आणि दोन्ही बाजूंच्या खिळी परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्या लागतात, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय लंगडत फिरतो.

या सगळ्या कामात अवघड म्हणून जे प्रसिद्ध आहे ते चाक भरणे, म्हणजे मोकळा हब आणि मोकळी रिम यांना स्पोकांनी बांधणे. इंग्रजी वळणाच्या भारी सायकलीत पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात, कारण मागच्या चाकावर माणसाचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा भार अधिक येतो. त्यामुळे रिम आणि हब यांची भोके मोजल्याशिवाय जोडी घेतली तर पैसे वाया जातात. स्पोक ही बारीक तार असल्याने ती दाब सोसत नाही, फक्त ताण सोसते, आणि चाक उभे राहते ते सर्व स्पोक आधीच ताणून ठेवलेले असतात म्हणून. हबपासून सरळ रिमकडे न जाता प्रत्येक स्पोक वाटेत सहसा दुसऱ्या तीन स्पोकांना छेदतो. या तिरकेपणामुळे पायडलचा जोर हबकडून रिमकडे पोहोचतो. भरलेले चाक फिरवले की रिम डावी-उजवीकडे डोलते, त्याला दुकानाच्या भाषेत ‘आउट’ म्हणतात, आणि आउट काढणे म्हणजे रिम ज्या बाजूला झुकते तिच्या विरुद्ध बाजूच्या स्पोकांची निपले, म्हणजे रिममधले छोटे नट, पाव वळशाने आवळत जाणे. त्यासाठी महागडा स्टँड लागत नाही. फ्रेम उलटी करून सीट व हँडलवर उभी केली आणि मागच्या नळ्यांना खडूचा तुकडा बांधला, की रिम जेथे खडूला घासते तेथे आपोआप खूण उठते. मागच्या चाकात उजवीकडे फ्रीव्हील, म्हणजे साखळीचे मागचे दातेरी चक्र, असल्याने हबची उजवी कड मध्याकडे सरकलेली असते, आणि रिम फ्रेमच्या मध्यावर आणायची तर उजवे स्पोक डाव्यांपेक्षा जास्त ताणावे लागतात. हे न कळल्याने पुष्कळांची चाके आउट नसूनही एका बाजूला घासतात.

रिमच्या मापातला घोळ तर नावापासूनच सुरू होतो. ‘26 इंची’ या एकाच नावाखाली टायरच्या बैठकीचे व्यास 559, 590 आणि आणखीही काही मिलिमीटरचे असू शकतात. भारी सायकलीच्या 28 × 1½ रिमचा व्यास 635 आहे, आणि हल्लीच्या 700 सी रिमचा 622. टायरच्या बाजूवर कोरलेला ‘40-635’ अशा रूपाचा आकडा तेवढा विश्वासाचा, बाकी सगळी नावे बाजारची.

दातांची निवड मात्र रस्त्यावरून करावी. पुढे 44 आणि मागे 18 दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर परिघाचे चाक 2.44 वेळा फिरते आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मुलुंडच्या सपाट लाल बहादूर शास्त्री मार्गावर हे ठीक, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे चढणाऱ्या रस्त्यावर किंवा घाटकोपर-असल्फ्याच्या टेकडीवर ते गुडघ्यांना जड जाते. मागे 22 दातांचे फ्रीव्हील लावले तर तेच अंतर साडेचार मीटरवर येते, आणि चढ चढवला जातो. फ्रेमच्या मागच्या खाचा आडव्या असतील तर चाक मागे-पुढे सरकवून साखळी ताणता येते म्हणून हा बदल शक्य होतो. गिअरवाल्या फ्रेमच्या उभ्या खाचांत ही सोय नसते. ब्रेकबाबत मात्र भारी सायकलीचे गुणगान थांबवावे लागते, कारण क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर पावसात रबर घसरते; जूनमध्ये रस्त्यावर येणाऱ्याने चाके भरताना ॲल्युमिनियमची 622 ची रिम आणि लांब हातांचे कॅलिपर ब्रेक यांचा विचार जरूर करावा, फक्त रिमची कड साडेसहा मिलिमीटर आत सरकते हे ब्रेक निवडताना मोजून घ्यावे.

खर्चाचा हिशेब लपवण्यात अर्थ नाही: फ्रेम भंगाराच्या भावाने मिळाली तरी दोन भरलेली चाके, टायर-ट्यूब, क्रँक, साखळी, ब्रेक आणि रंग यांची बेरीज त्याच तोलाच्या चालू जुन्या सायकलीपेक्षा बहुधा जास्तच होते, आणि पान्यांचा संच वेगळा. पैसे वाचवण्यासाठी कोणी या वाटेला जाऊ नये. ज्यांना तरीही जायचे आहे त्यांनी दिवाळीनंतर सुरुवात करावी, म्हणजे मे संपण्यापूर्वी चाके भरून होतात. आणि पहिली फ्रेम भारी सायकलीचीच, जिचा सीटचा दांडा हाताने निघतो आणि जिच्या बी.बी.त नवा कप बोटांनी तीन-चार वळसे जातो, अशी पाहून घ्यावी.