खूण सांगावी कुणाला?

आम्ही जुनी लष्करी शिरस्त्राणं जमवणारी माणसं. जमात तशी लहानच. मुंबईत पाच-सहा जण, पुण्यात दोघं-तिघं, आणि कोकणातले एक निवृत्त जहाजी, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो. जुम्म्याला पहाटे चोर बाजारात गाठ पडते आणि एखाद्या गंजक्या टोपावरून तासभर हुज्जत चालते. घरातली मंडळी याला लोखंडाचं वेड म्हणतात. म्हणोत.

या हुज्जतीतूनच आम्ही शिकलो. या विषयावरची पुस्तकं परदेशी आणि महाग. म्हणून ज्याला जे कळलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं, हीच आमची शाळा. जर्मन हेल्मेटचंच घ्या. १९३५च्या नमुन्यात हवेच्या भोकांना वेगळी कडी बसवलेली असते. १९४०च्या नमुन्यात ती भोकं पत्र्यातूनच उठवलेली. १९४२च्या नमुन्यात काम वाचवायला कड आत वळवणंच सोडून दिलेलं. बाजूला लावायची चिन्हं १९४३ मध्ये बंद झाली. एवढं ठाऊक असलं की नवखा माणूसही बऱ्याच लबाड्या पकडतो.

पण नकली माल करणाराही हेच वाचतो. त्याला अख्खं हेल्मेट बनवायची गरज नसते. युद्धात ती लाखोंनी बनली, साधी हेल्मेटं आजही मिळतात. तो खऱ्या टोपावर एसएसचं खोटं चिन्ह चिकटवतो आणि किंमत अनेक पट होते. अंगठ्याएवढी लबाडी, बाकी सगळं खरं! जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली नवा धागा चमकतो, कारण त्यातली सफेदी आणणारी द्रव्यं महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. ही युक्ती संग्राहकांनी एकमेकांना सांगितली. आता लबाड विकणारा माल बाहेर काढण्याआधी स्वतःच तो दिव्याखाली धरून पाहतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत उस्मानी फौजेसाठी पुढची झापड नसलेली हेल्मेटं बनली. ती थोडी, म्हणून मोलाची. साध्या हेल्मेटची झापड कापली की झालं 'तुर्की'.

आमच्या दारात मात्र येतं ते खूद. घुमटासारखा पोलादी टोप, वर टोक, पुढे सरकती नाकपट्टी, तुऱ्यासाठी दोन नळ्या आणि मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. इराणात एकोणिसाव्या शतकात, काजारांच्या काळात, अशी खुदं शोभेसाठी आणि ताजियाच्या नाट्यासाठीही बनली. त्यांतल्या पुष्कळांच्या जाळीतल्या कड्या नुसत्या वाकवून टोकाला टोक भिडवलेल्या. लढाईच्या जाळीत कडीचं तोंड बारीक खिळ्यानं बंद केलेलं असतं, नाहीतर घावासरशी ती उघडेल. तेव्हा जाळी बघावी, ही आमची पहिली शिकवण.

मग खिळे मारलेल्या जाळ्याही येऊ लागल्या. आपल्याच देशात अशा जाळ्या आज नाटक-सिनेमासाठी आणि परदेशातल्या हौशी लोकांसाठी बनतात. तो इमानाचा धंदा आहे. कारागीर काही लपवत नाही. बेइमानी सुरू होते ती त्यापुढे, कुणी ती जाळी मिठाच्या पाण्यात कुजवून जुन्या टोपाला जोडतो तेव्हा. एका खुदाच्या कड्या समोरून पाहिल्या तर हुबेहूब जुन्या, छापील फोटोत असतात तशा. उलटून पाहिलं तर मागे खिळ्याचा पत्ताच नाही, नुसता डाग दिलेला. फोटोत मागची बाजू दिसतच नव्हती ना!

आमच्यातले सर्वांत जाणते चाचा म्हणूनच तोंड उघडत नसत. त्यांची बोटंच वस्तू ओळखतात. "चोर को ताले की बनावट समझाते हो, मियाँ?" असं ते आम्हांला टाकून बोलत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सांगितलेली प्रत्येक खूण वर्षा-दोन वर्षांत निकामी होते, हे आम्ही पाहिलं आहे.

पण भाईजानांनी निवृत्तीच्या पैशातून एक खूद घेतलं. विकणाऱ्यानं टिपू सुलतानाच्या फौजेतलं म्हणून गळ्यात मारलं. जाळी नुसती वाकवलेल्या कड्यांची. चाचांनी ते दुकानात आधीच पाहिलं होतं, ओळखलंही होतं. हे कळलं तेव्हा भाईजान एवढंच म्हणाले, "चाचा, माका एक शब्द सांगल्यावर तुमचा काय कमी होणार होता?" चाचा खाली बघत राहिले. त्या दिवशी कुणी हुज्जत घातली नाही.

आम्हांला वाटतं, गप्प राहून जाणत्याचा संग्रह तेवढा शाबूत राहतो, आणि भुर्दंड पडतो तो नवख्याला. लबाड माणूस तर आमच्या गप्पपणानं थांबत नाही. खरी वस्तू विकत घेऊन, उघडून तो शिकतोच. म्हणून कुठली गोष्ट कधीची आणि का तशी, हे आम्ही उघड सांगतो, इथेही लिहिलं. काही खुणा मात्र कागदावर उतरवत नाही. त्या वस्तू हातात असतानाच दाखवतो, आणि माणूस थोडा ओळखीचा झाल्यावर. यातही कधी फसगत होईल, होवो.

भाईजानांनी ते खूद विकलं नाही. खोटं म्हणून विकलं तर कवडी येत नाही, खरं म्हणून विकायला मन धजत नाही. नवा मुलगा आला की ते आधी तेच त्याच्या हातात देतात आणि जाळी उलटून बघायला सांगतात. पुढचं चाचा सांगतात, हळू आवाजात.