चौथ्या नंबरचं कांस्य

कर्लिंगमध्ये डोपिंग? फेब्रुवारी २०१८ मध्ये ही बातमी आली तेव्हा जगभर खिल्ली उडाली. बर्फावर झाडू मारायला औषध कशाला लागतं? मला त्या विनोदांचा राग आजही येतो, कारण त्या हसण्याच्या गडबडीत नॉर्वेच्या जोडीचं काय झालं हे कुणी धड विचारलंच नाही.

ही जोडी खेळत होती ती मिश्र दुहेरी म्हणजे एक बाई, एक पुरुष, आठ डाव. प्रत्येक डावात संघाने पाच दगड टाकायचे. पहिला आणि पाचवा एकाने, मधले तीन दुसऱ्याने. चौघांच्या खेळात झाडू चालवायला माणसं असतात, कप्तान पलीकडे उभा राहून ओरडतो. इथे ती चैन नाही. वीसेक किलोचा ग्रॅनाइट सोडायचा, तसंच उठायचं, धावत आपल्याच दगडाला गाठायचं आणि त्याच्या पुढचा बर्फ जीव खाऊन घासायचा. घासलं की दगड लांब जातो, कमी वळतो. सात-आठ दिवस रोज हे करून बघा, मग विनोद सुचतात का ते सांगा.

प्याँगचांगला हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आला होता. १३ फेब्रुवारीला कांस्यपदकाच्या सामन्यात क्रिस्टिन स्कासलिएन आणि माग्नुस नेद्रेगोटेन ही नॉर्वेची जोडी ८-४ अशी हरली. जिंकले अनास्तासिया ब्रिझगालोवा आणि अलेक्सांद्र क्रुशेल्नित्स्की, २०१६ चे जगज्जेते, नवरा-बायको. रशियाच्या डोपिंग प्रकरणामुळे ते ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली खेळत होते. पदकं गळ्यात पडली, फोटो निघाले. मग क्रुशेल्नित्स्कीच्या नमुन्यात मेल्डोनियम सापडलं. हृदयविकारावरचं हे औषध २०१६ पासून बंदीच्या यादीत आहे. टेनिसपटू शारापोव्हा त्यातच अडकली होती. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं तो म्हणत राहिला. २२ तारखेला निकाल रद्द झाला, पुढे त्याच्यावर चार वर्षांची बंदीही आली.

नॉर्वेला पदक मिळालं २४ तारखेला. म्हणजे न्याय झाला. पण कसला? ज्या संध्याकाळी ते हरले, त्या संध्याकाळचं काय? अकरा दिवस ही दोघं चौथ्या नंबरची होती. चौथा नंबर म्हणजे काय हे खेळाडूलाच विचारावं. बाविसावा आलेला निदान झोपतो तरी. आपला तो क्षण कुणीतरी चोरला, अशा अर्थाचं नेद्रेगोटेन तेव्हा बोललाही होता. पदक परत करता येतं, क्षण कुठून आणणार? प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पदकं वाटूच नयेत, असं मला तेव्हा ठामपणे वाटायचं. आता वाटत नाही. तसं केलं तर सगळ्यांचीच पदकं टपालाने पाठवावी लागतील.

ब्रिझगालोवाचं मात्र कोडं सुटत नाही. तिच्यावर काहीच आरोप नव्हता, तरी तिचंही पदक गेलं. हा सरळ अन्याय, नवऱ्याच्या पापाचे वाटेकरी कशाला? पण खेळ नीट पाहिला की पंचाईत होते. तिने टाकलेला दगड वर्तुळात पोचला तो त्याने पुढचा बर्फ घासला म्हणून. त्यातला तिचा वाटा वेगळा कसा काढणार?

मिश्र दुहेरीची खरी परंपरा वर्षातून एकदा होणाऱ्या जागतिक स्पर्धेची. २००८ मध्ये फिनलंडमधल्या व्हिएरुमाकीला ती सुरू झाली. २०१९ मध्ये स्टावांगरला तब्बल ४८ देश उतरले होते, हंगेरीसारख्या देशाने ती दोनदा जिंकली. पुढे मुख्य फेरी वीस संघांची झाली. दर्जा वाढला म्हणतात, पण छोट्या देशांची मजा गेलीच. माझ्या मते दमाची परीक्षा होते ती इथे, ऑलिम्पिकच्या झगमगाटात नव्हे. अर्थात विचारलं तर लोकांना आठवतं ते ऑलिम्पिकच. क्रुशेल्नित्स्की आणि ब्रिझगालोवाचं २०१६ चं जागतिक सुवर्ण अजून त्यांच्याच नावावर आहे, हे कितीजणांना माहीत असेल?

स्कासलिएन आणि नेद्रेगोटेन खेळत राहिले. २०२१ मध्ये ॲबर्डीनच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं. अंतिम सामन्यात स्कॉटलंडने त्यांना ९-७ असं हरवलं. या वेळी पदक वेळेवर मिळालं, पण कोरोनामुळे टाळ्या वाजवायला हॉलमध्ये प्रेक्षकच नव्हते.