पंपाच्या पोटातलं पाणी

व्हॅक्यूम पॅकिंगचं चेंबरवालं यंत्र घ्यायला निघालेला माणूस आधी स्टीलची जाडी बघतो, पारदर्शक झाकण उघडून-मिटून बघतो, सीलिंग बार किती इंची आहे ते विचारतो आणि मग किमतीवर येतो. पंपाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, कारण तो पत्र्याच्या आड असतो. ‘पंप जर्मन आहे’ एवढं विक्रेत्याने सांगितलं की तो विषय मिटतो. माझं म्हणणं असं की आपण विकत घेतो तो पंपच; बाकीचं यंत्र म्हणजे त्याला जोडलेला घट्ट झाकणाचा डबा. आणि हा पंप कामाच्या ओझ्याने मरत नाही, तो पाण्याने मरतो. म्हणून ‘कुठलं यंत्र घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर कॅटलॉगमध्ये शोधण्यात अर्थ नाही. आपण त्यात काय घालणार, ते किती ओलं असणार आणि किती गरम असणार, हे ठरलं की निवड बरीचशी होऊन जाते, आणि पुढची देखभालही त्याच प्रश्नाभोवती फिरते.

पाणी आत येतं कसं, ते आधी पाहू. पिशवीच्या तोंडातून हवा ओढणाऱ्या घरगुती यंत्रात रस्सा घातला तर हवेबरोबर रस्साही यंत्राकडे धावतो. चेंबरमध्ये तसं होत नाही. अख्खी पिशवीच आत ठेवलेली असल्यामुळे तिच्या आतली आणि बाहेरची हवा एकदमच विरळ होते, रश्श्याला कुठे धावायचं कारणच उरत नाही. मग बार तापून तोंड चिकटतं, चेंबरमध्ये हवा परत शिरते आणि वातावरणाचा भार पिशवीला चारी बाजूंनी आवळतो. हा गुण खराच मोठा आहे, पण घात होतो तोही यातूनच. पातळ पदार्थ चालतो म्हणजे गरमही चालेल, असा समज करून घेतला जातो. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो. ६० अंशांचं पाणी दाब २०० मिलिबारपर्यंत उतरला की उकळतं, ३० अंशांचं ४२ मिलिबारला, आणि फ्रिजमधून काढलेलं ५ अंशांचं ९ मिलिबारला. म्हणजे ‘गार’ समजून ठेवलेला, खोलीच्या तपमानाचा तांबडा रस्सा काटा ९६ टक्क्यांवर आला की उकळायला लागणारच. खाली विस्तव नाही, तरी झाकणाखाली आधी कडेने मोहरीएवढे बुडबुडे येतात, मग पिशवी फुगून डोलायला लागते आणि लाल तवंगाचे शिंतोडे थेट सीलिंग बारवर. गृहिणीला किंवा आचाऱ्याला इथे दिसते ती फक्त सांडलवंड. खरं नुकसान पत्र्याच्या आड चालू झालेलं असतं.

कारण त्या वाफेला जायला पंपाखेरीज वाट नाही. एक ग्रॅम पाणी वाटीत पाहिलं तर वीसेक थेंब. तेच १० मिलिबार दाबाला वाफ झालं तर सुमारे १४० लिटर जागा व्यापतं, म्हणजे वीस लिटरच्या चेंबरच्या सातपट. पंपाने इतकी वाफ ओढायची, आणि बाहेर टाकण्यासाठी ती दाबून पुन्हा वातावरणाच्या दाबाला आणायची. दाबली की वाफेचं पाणी होतं, आणि ते पाणी पंपाच्या तेलात उतरतं. एक किलो रस्सा नुसत्या उकळीने एक अंश गार व्हायचा तर त्यातून दीड ग्रॅमच्या वर पाणी उडून जावं लागतं. टक्क्यांचा आकडा ९९वर लावून यंत्र कोमट रश्श्याशी झुंजत राहतं तेव्हा पंप हवा काढत नसतो, रस्सा आटवत असतो. पिशवी पॅक होते, गिऱ्हाईक खूश होतं, तेलात मात्र पाणी साचत जातं.

या पंपात एका गोल पोकळीत थोडा बाजूला सरकवून बसवलेला रोटर फिरतो आणि त्याच्या खाचांतली पाती भिंतीला घासत हवा पुढे ढकलतात. पाती आणि भिंत यांच्यामधली फट बुजवतं ते तेल. वंगणही तेच, पंपाची उष्णता वाहून नेणारंही तेच. त्यात पाणी मिसळलं की तिन्ही कामं बिघडतात, आणि वर त्या पाण्याचीच पुन्हा वाफ होऊन पंप स्वतःच ओढलेली पोकळी भरून काढतो. पंपाच्या बाजूला रुपयाएवढी काचेची खिडकी असते. नवं तेल तिच्यातून मधासारखं, आरपार दिसतं. काळपट दिसलं तर ते जुनं झालंय किंवा करपलंय. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी आहे, आणि मग तेल गेल्या महिन्यात बदललं होतं की काल, याला अर्थ उरत नाही. ‘सहा महिन्यांनी तेल बदला’ हा नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो. कॅलेंडर पंपाच्या पोटात डोकावत नाही, खिडकी डोकावते.

या दुखण्यावरचा उपाय जुना आहे. वोल्फगांग गेडे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९३५ साली ‘गॅस बॅलास्ट’ची युक्ती काढली. पंपात वाफ दाबली जात असतानाच बाहेरची थोडी कोरडी हवा आत सोडायची. मग वाफेचं पाणी व्हायच्या आतच बाहेर जाण्याचा पडदा उघडतो आणि वाफ वाफेच्याच रूपात निघून जाते. अट एकच, पंप तापलेला हवा. थंड पंपात ही युक्ती लंगडी पडते. म्हणूनच चांगल्या यंत्रात पंप पाव तास नुसता फिरवण्याचा प्रोग्रॅम दिलेला असतो. सकाळी पहिल्या पिशवीआधी एकदा आणि संध्याकाळी शेवटच्या पिशवीनंतर एकदा तो चालवला, तर तेल तापतं आणि दिवसभराचं पाणी उडून जातं. यावर वीज वाया जाते अशी तक्रार होते. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर पाव तास चालली तर पाव युनिटही जळत नाही. त्या तुलनेत पंपाच्या पात्यांचा नवा संच काय पडतो हे विचारून पाहावं. आता एक उलटी वाटणारी गोष्ट. दिवसाला चारशे पिशव्या करणाऱ्या मासळीवाल्याचा पंप टिकतो आणि आठवड्याला पंधरा पिशव्या करणाऱ्या हौशी माणसाचा गंजतो. पहिल्याचा दिवसभर गरम असतो. दुसऱ्याचा तापायच्या आत बंद होतो, आणि आत आलेलं थेंबभर पाणी पुढच्या रविवारपर्यंत लोखंडाला चिकटून बसतं. ‘जपून वापरतो हो आम्ही’ असं म्हणणाऱ्यांचीच यंत्रं आधी दुरुस्तीला येतात, ती यामुळे.

मग पंप केवढा घ्यावा? इथे थोडा हिशेब करावा लागतो. ताशी ८ घनमीटरचा पंप सेकंदाला सव्वादोन लिटर हवा ओढतो. वीस लिटरचं चेंबर १००० मिलिबारवरून ५ मिलिबारवर आणायला त्याला कागदावर पाऊण मिनिट लागतं, ताशी २० घनमीटरच्या पंपाला वीस सेकंद. चेंबर पन्नास लिटरचं असेल तर लहान पंपाला दोन मिनिटं. दुकानात मोठं चेंबर डोळ्यांत भरतं आणि त्याच पंपावर ते थोड्याच जास्त पैशांत मिळतं, तो सौदा मला फसवा वाटतो. मोठ्या पोकळीत लहान पिशवी ठेवली की पंप उगाच हवा उपसत बसतो आणि तेवढा वेळ रस्सा उकळत राहतो. यंत्राबरोबर पांढऱ्या प्लास्टिकच्या जाड पाट्या मिळतात. पिशवी नीट उंचीवर यावी म्हणून त्या असतातच, पण मुख्य म्हणजे त्या चेंबरमधली रिकामी जागा खातात. जागा निम्मी झाली की वेळही निम्मा. बहुतेक स्वयंपाकघरांत या पाट्यांवर कांदा चिरला जातो.

वेळेचा हिशेब आणखी एका कामाला येतो. यंत्र आल्या दिवशी, पाट्या घालून, रिकाम्या चेंबरला ९९ टक्क्यांवर जायला किती सेकंद लागतात ते मोजून झाकणाच्या कडेला लिहून ठेवावं. पुढे कधीही शंका आली की तीच चाचणी. पंप गरम असताना वीसचे तीस सेकंद झाले तर तेल, झाकणाचं रबर किंवा बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर यांतलं काहीतरी बिघडलंय. काट्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये, निदान घाटावर तरी. साधा काटा बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवतो. मुंबईत संपूर्ण पोकळी झाली तर तो ७६० मिलिमीटरपर्यंत जाईल. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हवाच मुळात ९५० मिलिबारच्या आसपास, त्यामुळे उत्तम पंपसुद्धा ७१०च्या पुढे सरकत नाही. निर्दोष यंत्राला ‘कमी खेचतं’ म्हणून नावं ठेवण्याआधी गावाची उंची विचारात घ्यावी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, एवढं तेलाचं लफडं हवंच कशाला, बिनतेलाचा पिस्टन पंप घ्या. हा आक्षेप पोकळ नाही. हळद, काजू, खारवलेले सुके मासे, कडधान्यं असं कोरडं आणि बेताचं काम असेल तर बिनतेलाचा पंप मीही सुचवेन. तेल बदलायचं नाही, गळायचं नाही, यंत्र हलकं. पण तो खोल पोकळीपर्यंत पोचत नाही, सलग चालवला की तापतो आणि मध्ये विसावा मागतो. वाफेचा प्रश्नही त्याने सुटत नाही. तेल नाही म्हणजे पाणी दाखवणारी खिडकीही नाही, एवढाच काय तो फरक. बारीक पीठ, मेतकूट, कोरडी चटणी यांची धूळ मात्र दोघांनाही सारखीच बाधते. तिथे पिशवी अर्धीच भरावी आणि हवा टप्प्याटप्प्याने काढणारं यंत्र असेल तर ती सोय वापरावी. चकली आणि चिवड्यासाठी विचारणाऱ्यांना माझं उत्तर असतं की हे यंत्रच घेऊ नका. पोकळी काढल्यावर दर चौरस सेंटीमीटरवर किलोभर भार बसतो, चकलीचा चुराच होणार. त्या कामाला नायट्रोजन भरणारं यंत्र लागतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: अन्न गार करत बसलो तर धंदा कधी करायचा? पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहिलं तर पाच लिटर रस्सा पाऊण-एक तासात फ्रिजमध्ये जाण्याइतका गार होतो, आणि मग फ्रिजमध्ये ५ अंशांखाली आणून पॅक करावा. हा वेळ फक्त पंपासाठी जात नाही. पोकळीत जंतू मरतात ही समजूत धोक्याची आहे. उलट क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमसारख्या जंतूला हवा नसलेलीच जागा मानवते, आणि मासळीत आढळणारा त्याचा एक प्रकार ३.३ अंशांपासूनच वाढू शकतो. त्यामुळे व्हॅक्यूम केलेली सुरमई फ्रिजच्या दारात आठवडाभर ठेवायची गोष्ट नाही. ती थेट गोठवावी, आणि बर्फ उतरवताना पिशवी आधी फाडावी. टक्क्यांच्या हव्यासाचंही तसंच. ९९ टक्क्यांना १० मिलिबार हवा उरते, म्हणजे प्राणवायू फक्त २ मिलिबार, ९९.८ गाठून तो आणखी कमी होतो खरा, पण पिशवी हलक्या प्रतीची असेल तर तिच्यातून झिरपणारा प्राणवायू ती कमाई धुऊन टाकतो. तेव्हा ओल्या पदार्थाला ९८-९९वर थांबवावं, आणि वाचलेले पैसे चांगल्या नायलॉन-पॉलिथिन पिशवीवर घालावेत.

तिसरा आक्षेप पैशांचा. २०२०पासून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि बचत गटांपर्यंत अशी यंत्रं पोचली, हे चांगलंच झालं. तेल, फिल्टर, टेफ्लॉनची पट्टी हा मात्र रोजचा खर्च, तो ज्याचा त्याने सोसायचा. मग काटकसर नेमकी तिथेच होते आणि पंपात गाडीचं इंजिन ऑइल पडतं. गाडीच्या तेलात मळ आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. इंजिनात तो गुण आहे. पंपात पाणी तेलापासून सुटं व्हायला हवं असतं, म्हणून तिथे तोच दोष ठरतो, वर फेसही होतो. थ्री-फेज यंत्र असेल आणि वायरमनने दोन तारांची अदलाबदल केली तर रोटर उलटा फिरतो, तेव्हा जोडणी झाल्यावर फिरण्याची दिशा बाणाशी ताडून बघण्याला पर्याय नाही. झाकण सॅनिटायझरने पुसायची करोनाकाळातली सवय अजून गेलेली नाही. अल्कोहोलने ॲक्रिलिकला केसासारख्या चिरा पडतात, आणि पस्तीस बाय तीस सेंटीमीटरच्या झाकणावर दर खेपेला टनभर हवा बसत असते.

हॉटेल बंद पडलं की त्याचं यंत्र निम्म्या किमतीत विकायला निघतं, आणि पंप चांगला असेल तर असा सौदा जरूर करावा. पण खिडकीत मधासारखं तेल दिसलं म्हणून लगेच पैसे मोजू नयेत. ते बहुधा आदल्या रात्रीच बदललेलं असतं. झाकण मिटून पंप अर्धा तास चालवायला सांगावा, तोवर चहा घ्यावा, मग पुन्हा खिडकीपाशी वाकून बघावं. कोपऱ्यांत जुनं पाणी आणि चिकटा राहिला असेल तर तेवढ्या वेळात नव्या तेलावर साय धरल्यासारखा धुरकटपणा येतो.