तीनास एक

माझं काम कंपन्यांचा प्रवासखर्च आटोक्यात ठेवण्याचं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांची माणसं अमेरिकेत क्लायंटकडे जातात आणि सोमवार ते गुरुवार हॉटेलात राहतात. बिल कंपनी भरते, पॉइंट मात्र राहणाऱ्याच्या खात्यावर पडतात. मग कधीतरी फोन येतो, "मॅरियटचे लाखांनी पॉइंट पडून आहेत. त्यांचे विमान कंपनीचे माइल्स करून आई-बाबांना अमेरिकेला आणू का?"

बहुतेकांना मी नको म्हणतो. ज्यांना हो म्हणतो, त्यांनाही आधी कागद-पेन्सिल घ्यायला लावतो.

मॅरियटच्या बॉनवॉय योजनेचा दर तीनास एक आहे. तीन पॉइंट द्या, एक माइल घ्या. किमान ३,००० पॉइंट हवेत. एकरकमी ६०,००० वळवले तर २०,००० माइल्सवर आणखी ५,००० मिळतात. ६०,००० हा विचित्र आकडा आला स्टारवूड या हॉटेल कंपनीकडून. त्यांच्या जुन्या योजनेत २०,००० पॉइंटांना २५,००० माइल्स मिळत आणि पॉइंट जमवणारे त्यावर जीव टाकत. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवूड विकत घेतलं आणि २०१८ मध्ये योजना एकत्र करताना स्टारवूडच्या प्रत्येक पॉइंटाचे तीन करून दिले. २०,०००चे ६०,००० झाले, माइल्स तेवढेच राहिले. तेव्हा आपले पॉइंट तिप्पट झाले म्हणून पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत.

नुसता दर बघून हॉटेलांची तुलना करू नये. हयातचा दर अडीचास एक, म्हणून तो मॅरियटपेक्षा उदार वाटतो. पण हयात एका डॉलरला ५ पॉइंट देतं, मॅरियट बहुतेक हॉटेलांत १०. त्यामुळे शंभर डॉलरच्या बिलातून, बोनस बाजूला ठेवला तर, मॅरियटमार्गे ३३३ माइल्स निघतात आणि हयातमार्गे २००. आयएचजी १० पॉइंट देऊन पाचास एक दराने बदलतं, तिथेही २००च. हिल्टनही १० पॉइंट देतं, पण त्याचा दर बहुतेक विमान कंपन्यांसाठी दहास एक, म्हणजे १००. हिल्टनचे पॉइंट असतील तर हॉटेलातच खर्चावेत. जुना दागिना मोडताना सोनार घट धरतो तशी घट इथे सगळीकडेच आहे, पण हिल्टनकडे ती डोळ्यांत पाणी आणणारी आहे.

आता आई-बाबांचं तिकीट. मी हिशेब पैशांत मांडतो, कारण "दोन लाख पॉइंट" हे शब्द माणसाला उगाच श्रीमंत करतात. समजा, तुम्हाला आवडणारी खोली कर धरून ९,७५० रुपयांना मिळते आणि तीच १५,००० पॉइंटांनाही मिळते. मग तुमचा एक पॉइंट ६५ पैशांचा. मॅरियटने २०२२ पासून पॉइंटांचे ठरावीक तक्ते काढून टाकले आहेत, त्यामुळे ही किंमत तारखेगणिक हलते. म्हणून प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या हॉटेलावरून ती काढावी, माझ्या ६५ पैशांवर विसंबू नये.

अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सवर कतार एअरवेजने मुंबई-दोहा-न्यू यॉर्क जाता येतं. तक्त्यात एका बाजूचे इकॉनॉमीला ४०,००० आणि बिझनेस क्लासला ७०,००० माइल्स आहेत. अमेरिकनला तो ५,०००चा बोनस लागू नाही. डेल्टा, एव्हियांका आणि कोरियन एअर यांनाही नाही. म्हणजे इकॉनॉमीच्या एका सीटला १,२०,००० पॉइंट, आपल्या भावाने ७८,००० रुपये. एवढ्यात गर्दीचा हंगाम टाळून रोख तिकीट येतं आणि पैसेही उरतात. बिझनेस क्लासला २,१०,००० पॉइंट लागतात, म्हणजे १,३६,५०० रुपये. तीच सीट रोखीने दोन लाखांच्या पुढे असेल तर सौदा फायद्याचा झाला. तोच मार्ग, तेच विमान. पुढच्या दाराने चढलात तर कमावलं, मागच्या दाराने चढलात तर गमावलं.

यावर एक चिरंजीव मला म्हणाले, "पण दोन लाख देऊन मी बिझनेसचं तिकीट कधी काढलंच नसतं." बरोबर आहे. मग फायदा दोन लाखांवर मोजायचा नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला आडवं होऊन येता यावं यासाठी तुम्ही खिशातून किती दिले असते, त्या रकमेवर मोजायचा. माझ्या अनुभवात हा आकडा सांगताना मुलगे अडखळतात आणि सुना पटकन सांगतात.

हॉटेलं इतकी घट का धरतात? कारण माइल्स त्यांना विमान कंपनीकडून पैसे मोजून घ्यावे लागतात. विमान कंपन्यांचा हा भरभक्कम धंदा आहे. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने २०२० मध्ये आपली माइल्स योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. अमेरिकनने २०२१ मध्ये तसेच १० अब्ज डॉलर उचलले. एका सीटला किती माइल्स लागणार, हेही विमान कंपनीच ठरवते आणि उद्या बदलूही शकते. म्हणून "दर चांगला आहे, आताच वळवून ठेवू" हा विचार मला मुळीच मान्य नाही. वळवलेले माइल्स पुन्हा हॉटेलाचे पॉइंट होत नाहीत. मॅरियटचे पॉइंट चोवीस महिन्यांत खात्यावर काहीतरी हालचाल झाली की जिवंत राहतात. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स मात्र तुम्ही कितीही उडालात तरी साधारण तीन वर्षांनी जातात. जिवंत पॉइंट नेऊन घड्याळाला बांधायचे कशाला?

आधी सीट शोधायची, मग पॉइंट वळवायचे. यात एक पेच आहे. पॉइंट पोचायला कधी एक-दोन दिवस लागतात, कधी आठवडा, आणि तेवढ्यात सीट जाते. म्हणून मी लोकांना एकाऐवजी लागोपाठच्या तीन-चार तारखा हेरायला सांगतो आणि दोघांना एकाच विमानात बसवण्याचा हट्ट सोडता येईल का, ते विचारतो. दोघांसाठी ४,२०,००० पॉइंट लागतात, तर मॅरियट एका दिवसात २,४०,०००च वळवू देतं. म्हणजे काम दोन दिवसांचं. सगळ्यात निर्धास्त माणूस तो, ज्याच्या विमान खात्यात ६५,००० माइल्स आधीच आहेत आणि पाच हजार कमी पडताहेत. त्याने १५,००० पॉइंट खुशाल वळवावेत. या सोयीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

हॉटेल आणि विमान खात्यांवरचं नाव तंतोतंत एक हवं. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे गाळलेलं असेल तर पॉइंट अडकतात, आणि हा घोळ मराठी नावांत फार होतो. नवरा-बायकोचे पॉइंट एकत्र करायचे असतील तर मॅरियट वर्षाला एक लाखापर्यंत दुसऱ्याला देऊ देतं. माइल्स मुलाच्या खात्यात असले तरी तिकीट आई-बाबांच्या नावाने निघतं; त्यांची वेगळी खाती उघडायची गरज नाही. प्रवास रद्द झाला तर अमेरिकन माइल्स खात्यात परत देतं, दंड न लावता.

तिकीट निघालं की कतारचा बुकिंग क्रमांक वेगळा मागून घ्यावा. अमेरिकनच्या क्रमांकावर व्हीलचेअरची विनंती नोंदवली तरी ती कतारकडे पोचलीच असेल असं नाही. दोह्याचा विमानतळ लांबलचक आहे, त्यामुळे व्हीलचेअर आणि आईचं शाकाहारी जेवण या दोन्ही गोष्टी कतारकडेच, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, पुन्हा विचारून घ्याव्यात.